‘बाळ सारखं मागतंय म्हणजे दूध पुरत नाही’ या मेसेजला उत्तर

बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कामावर परतायचं असलेल्या आईपर्यंत एक मेसेज हमखास पोचतो. ‘बाळ तासातासाला दूध मागतंय म्हणजे तुमचं दूध पुरत नाही. खात्री करायची तर पंप लावून बघा. तीन-तीन तासांची सवय लावा, पहिल्याच आठवड्यापासून बाटली द्या, फ्रीजर भरून ठेवा. एवढं करूनही कामावर गेलात की दूध आटणारच.’ माझं बाळ 12 दिवसांचं असताना तो मला तिघींकडून आला. तिघींचाही माझ्यावर जीव आहे. त्या रात्री मी पंप लावला, दोन्ही बाजूंचं मिळून 25 मिली निघालं आणि मी पहाटेपर्यंत रडत बसले. म्हणून या मेसेजचं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे.

‘सारखं मागतंय म्हणजे पुरत नाही.’ नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं, पण या वेळा घड्याळाने वाटून दिलेल्या नसतात. दुपारी ते दोन-अडीच तास झोपेल आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंत दर अर्ध्या तासाने तोंड उघडून शोधत राहील. पहिल्या दिवशी येणारा चीक एका वेळेला काही मिलीच असतो, साधारण 2 ते 10, आणि बाळाचं पोटही इवलंसंच असतं. शिवाय अंगावरचं दूध पावडरच्या दुधापेक्षा पोटातून लवकर पुढे सरकतं. त्यामुळे दुसऱ्याचं बाळ दाखवून ‘ते बघ कसं चार तास झोपतं’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

पण मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपणात वाढलेलं संप्रेरक, झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येतं. बाळ प्यायलं काय नि न प्यायलं काय, एवढं बहुतेक जणींना येतंच. पुढचा कारभार मात्र मागणीवर चालतो. दूध निघालं की छाती भराभर नवं बनवते, साठून राहिलं की वेग मंदावतो. आणि एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाचं दिवसाचं दूध सरासरी 750 ते 800 मिलीच्या आसपासच राहतं, फारसं वाढत नाही. म्हणजे पुढच्या पाच महिन्यांचं माप पहिल्या चार-पाच आठवड्यांत ठरतं, आणि ते बाळ ठरवतं, सारखं मागून. कामावर परतायची सगळ्यात मोठी तयारी हीच. मेसेज नेमकी तीच मोडायला सांगतो.

मग पुरतंय की नाही हे ओळखायचं लंगोटावरून आणि वजनावरून. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान 6 वेळा शू, तीही फिकट, आणि काळी शी जाऊन पिवळी आलेली. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतंच. पण घट 10 टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं आणि त्यानंतर दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ दिसावी. हे सगळं ठीक असेल तर बाळ दहादा मागो की बारादा, मागू दे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. दूध खरोखर कमी असणं हे खोटं दुखणं नाही. थायरॉइडचा त्रास, वारेचा तुकडा आत राहून जाणं, प्रसूतीत फार रक्त जाणं, स्तनांवर आधी झालेली शस्त्रक्रिया, दूधग्रंथींचीच वाढ अपुरी असणं, अशी त्याची खरी कारणं असतात. कधी दूध पुष्कळ असतं, पण बाळाच्या तोंडाची स्तनावरची पकड नीट बसत नाही, आणि ती कुणी जाणकाराने शेजारी बसून बघावी लागते. शू कमी होतेय, बाळ सुस्त आहे, पिण्यासाठी उठतच नाही, अंगावरचा पिवळेपणा वाढतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वरचं दूध द्यायला सांगितलं तर अपराधी न वाटून घेता द्या. भुकेल्या बाळाच्या आईला ‘नुसतं पाजत राहा, वाढेल’ असं सांगणं या मेसेजइतकंच घातक आहे.

‘पंप लावून बघा.’ पंप हे मोजमाप नव्हे. बाळाच्या चोखण्याने पान्हा फुटतो तसा प्लास्टिकने फुटेलच असं नाही. पंपाच्या फनेलचा, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचा, आकार चुकला, दुखत असलं, मन ताणलेलं असलं की दूध असूनही उतरत नाही. बाळ नुकतंच पिऊन झालं असेल तर जे उरलंय तेच हाती लागतं. माझे ते 25 मिली असेच, पाजून झाल्यावरचे होते. दोनच दिवसांनी काट्यावर बाळ जन्माच्या वजनाच्या 90 ग्रॅम वर होतं.

‘तीन-तीन तासांची सवय लावा.’ मला सर्वात जास्त राग या वाक्याचा येतो. दिवसाला दोन आयांचं दूध सारखंच असू शकतं, पण एका वेळेला छातीत साठवण्याची क्षमता प्रत्येकीची वेगळी असते, आणि तिचा छातीच्या आकारावरून अंदाज येत नाही. एकीच्या बाळाचं सात वेळांत भागतं, दुसरीच्या बाळाला तेवढ्याच दुधासाठी बारा वेळा यावं लागतं. या दुसरीने घड्याळ लावलं की दूध साठून राहतं, बनणं मंदावतं, आणि मग खरंच पुरेनासं होतं. सगळे म्हणतात, बघ, आम्ही सांगत होतो.

बाटलीला माझा विरोध नाही, घाईला आहे. पकड पक्की व्हायला तीन-चार आठवडे द्या. मग परतायच्या दोनेक आठवडे आधी, बाळ खूप भुकेलं नसताना, आईऐवजी दुसऱ्या कुणीतरी काढलेलं दूध देऊन बघावं. बाळाला उठतं धरावं, बाटली आडवी ठेवावी, मध्ये मध्ये थांबावं, म्हणजे दूध घशात ओतलं जात नाही. बाटली नकोच म्हणणारी बाळं वाटीनेही छान पितात.

फ्रीजर भरायचीही गरज नसते. पहिल्या महिन्यानंतर बाळाला आईपासून दूर असताना तासाला साधारण 30 ते 45 मिली लागतं, म्हणजे 9 तासांसाठी सुमारे 270 ते 400 मिली. पहिल्या दिवसापुरतं आणि वर थोडं शिलकीला एवढं पुरे, कारण सोमवारी कामावर काढलेलं दूध मंगळवारी उपयोगी येतं. साठा करायच्या धास्तीने पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पंप लावत राहिलं तर दूध गरजेपेक्षा वाढतं, छाती दगडासारखी होते, कधी सूज आणि तापही येतो. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात 4 तास टिकतं, फ्रीजमध्ये 4 दिवस, फ्रीजरमध्ये 6 महिने उत्तम. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, ते मधेच कुठेतरी चटका बसेल इतकं गरम होतं.

राहिलं ‘आटणारच’. दूध कामामुळे आटत नाही, ते काढलं न गेल्यामुळे कमी होतं. म्हणून बाळ ज्या सुमाराला प्यायलं असतं त्या सुमाराला, साधारण दर तीन तासांनी, पंपाला वेळ आणि दार लावता येईल अशी खोली लागते, स्वच्छतागृह नव्हे. ही चैन नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1919 च्या करारातही पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दोनदा अर्धा-अर्धा तास ठेवलेला होता, आणि 2000 च्या करारात अशा विश्रांतीचा वेळ पगारी कामाचा धरला आहे. परतायच्या आधीच वरिष्ठांशी वेळा बोलून घ्या, लेखी घेतल्यास उत्तम. जिथे असा वेळ मिळतच नाही, तिथे दिवसा वरचं आणि सकाळ-संध्याकाळ-रात्री अंगावरचं असंही महिनोन् महिने चालतं. काही बाळं दिवसा थोडंच पिऊन आईची वाट बघतात आणि रात्री भरपाई करतात. माझं तसंच निघालं. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढेपर्यंतही त्याला दम निघाला नाही, आणि त्या रात्री ते चारदा उठलं.