‘वसंतात कसली झरोक्यांची सफाई?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातील हवा खेळती ठेवणाऱ्या व्यवस्थेची, म्हणजे झरोके, जाळ्या, एक्झॉस्ट पंखे आणि स्वयंपाकघरातील चिमणी यांची सफाई फाल्गुन-चैत्रात करावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. वसंतातील सफाई ही थंड देशांच्या पंचांगातून उचललेली कल्पना असून कोकणात अशी कामे मे महिन्यात पावसाच्या तोंडावर होतातच; जुन्या कौलारू घरांना यातले काहीही लागत नव्हते; झरोके उघडे ठेवले की डास आणि साप घरात येतात; आणि दीड हजारांचा पंखा धूत बसण्यापेक्षा बिघडल्यावर बदललेला परवडतो. मुंबईत राहून दापोली तालुक्यातील घर वर्षातून दोन-तीनदाच उघडणाऱ्यांनी काय करावे, असेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. थंड देशांत वसंतात सफाई करतात ती हिवाळाभर बंद राहिलेली घरे उघडण्यासाठी. आपले कारण त्याहून अगदी वेगळे आहे आणि ते समुद्राच्या मिठात आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण धुळीसह जाळ्यांवर, पंख्याच्या पात्यांवर आणि खिडक्यांच्या खाचांत बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलेच पाणी शोषून विरघळू लागते, आणि धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायमचा राहतो. शिमग्याच्या सुमारास दुपारची हवा त्या मानाने कोरडी असते. त्या वेळी हा थर कोरड्या ब्रशने निघतो आणि धुतलेली वस्तू तासाभरात खडखडीत वाळते. मे महिन्याच्या उत्तरार्धात हवा इतकी दमट झालेली असते की त्याच थराचा चिखल होतो, आणि धुतलेली जाळी पुरती न वाळताच पुन्हा बसवावी लागते. मग पहिल्या पावसात ती का गंजली, याचे आश्चर्य वाटायला नको.

शिवाय मे महिन्यात माणसे मिळतात कुठे? आंबा उतरवायचा असतो, घरे शाकारायची असतात, लाकडे आत घ्यायची असतात, आणि गावातला एकुलता वायरमन चाकरमान्यांच्या पंपांमध्ये आणि पंख्यांमध्ये अडकलेला असतो. आणखी एक गोष्ट पक्ष्यांची. साळुंक्या उन्हाळ्यात भिंतीतल्या भोकांत आणि एक्झॉस्टच्या पाइपांत घरटी करतात. मे महिन्यात आपण शिडी लावतो तेव्हा आत अंडी किंवा पिल्ले असतात, आणि मग ते काम पिल्ले उडेपर्यंत थांबवणे एवढेच शहाणपणाचे उरते. मार्चमध्येच पाइप साफ करून बाहेरच्या तोंडाला जाळी लावली की हा प्रसंग येत नाही. कुंभारीण माशीची मातीची घरटीही याच सुमारास खरवडून काढावीत. बारीक पाइप बुजवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

जुन्या घरांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, पण ते ज्या घरांविषयी खरे आहे ती घरे आता फारशी उरलेली नाहीत. नळीच्या कौलांचे छप्पर फटींनी भरलेले असे. पुढे मंगलोरी कौल आले, ज्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळुरूला काढला. त्याच्या सांध्यांतूनही हवा जातच होती. खाली चुलीची ऊब, वर कौलांच्या फटी, त्यामुळे गरम हवा आपोआप वर जाऊन बाहेर पडे आणि दारा-खिडक्यांतून गार हवा आत येई. चुलीचा धूर वाशांना लागत असल्यामुळे लाकूड कोरडे राही आणि किडीपासूनही बरेचसे वाचे. त्या घराची निगा राखली जात नव्हती असे मात्र नाही. दर वर्षीची शाकारणी, माळा झाडणे, जळमटे काढणे ही त्या घराच्या वायुवीजनाचीच देखभाल होती. फक्त ती वेगळी मोजली जात नव्हती.

आता चूल गेली, गॅस आला. कौलांखाली पीव्हीसीचे किंवा प्लायवुडचे छत लागले, आणि त्याच्या वर कोंडलेली गरम, ओलसर हवा वाशांना बुरशी आणते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात कौले उडाल्यानंतर अनेकांनी पत्रे घातले, ते समजण्यासारखे आहे. पण पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरतो. स्लॅबच्या घरात तर हवा जाण्यायेण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि अॅल्युमिनियमची सरकती खिडकी एका वेळी जेमतेम अर्धीच उघडते. जिथे शंभर फटी होत्या तिथे चार भोके राहिली असतील, तर ती चार भोके मोकळी आहेत की नाहीत हे पाहणे भाग आहे. त्यातही पावसाळ्यात झड येते म्हणून पश्चिमेच्या गवाक्षात आपण प्लास्टिक किंवा गोणपाट कोंबतो, आणि ते पुढच्या पावसापर्यंत तसेच राहते. मार्चमधील सफाईचे पहिले काम हे कोंबलेले सामान काढणे, हे मी पुन्हा सांगतो.

हे केवळ गारव्यासाठी नाही. न्हाणीघरात किंवा त्याला लागून गॅस गिझर असेल, तर बंद झरोका जिवावर बेतू शकतो. अपुऱ्या हवेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करणारा माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध होतो. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच, मोकळ्या हवेत असावा. स्वयंपाकघरातील जोरदार एक्झॉस्ट पंखा सर्व खिडक्या बंद ठेवून चालवला, तर तो बाहेर टाकलेल्या हवेची भरपाई जिथून मिळेल तिथून ओढतो, आणि त्यात गिझरचा धूरही घरात परत येऊ शकतो. उलट स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या खोलीत वरच्या झरोक्याबरोबर खालीही जाळीचे भोक हवे, आणि त्याच्यासमोर तांदळाचे पिंप ठेवू नये.

डासांचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर जाळी हे आहे, झरोका बुजवणे हे नव्हे. मात्र धूळ आणि कोळिष्टके धरलेली डासजाळी हवा फारच अडवते, म्हणून ती आधी कोरडी झाडावी, मग साबणाच्या पाण्याने आणि शेवटी गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर शेवटचे धुणे त्या पाण्याने करू नये. आपण काढलेले मीठच परत लावल्यासारखे होते. आणि डास मोजायचेच असतील, तर आधी शौचालयाच्या टाकीच्या पाइपाचे वरचे तोंड पाहा. तिथली जाळी फाटलेली असेल, तर टाकीतच डासांची पैदास होते, आणि खिडक्या कितीही बंद केल्या तरी त्यात फरक पडत नाही. सापांसाठी माळ्याच्या गवाक्षांना बारीक भोकांची पक्की तारजाळी पुरते.

पंख्याच्या बाबतीत आपला हिशेब मला मान्य नाही. पंखा बंद पडतो तो शेवटी. त्याच्या कितीतरी आधीपासून तो फिरत असूनही हवा ओढत नसतो. खात्री करायची असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवून वर्तमानपत्राचा तुकडा जाळीजवळ धरावा. तो चिकटून राहिला नाही तर पाती मेणचटली आहेत किंवा बाहेरची झडप अडकली आहे. मेन स्विच बंद करून पाती काढावीत आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवावीत. मोटर मात्र कोरड्या फडक्यानेच पुसावी. तेल घालण्याचे भोक असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरेत. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते. चिमणीची गाळणी अॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा वापरू नये, कारण तो अॅल्युमिनियम खातो आणि जाळी काळी पडते. स्टेनलेस स्टीलला तो चालतो. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. नवीन घेताना समुद्रालगतच्या घरासाठी प्लास्टिकच्या चौकटीचा पंखा बरा, आणि स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यायची तर नेहमीच्या 304 प्रतीऐवजी गंजाला अधिक टिकणाऱ्या 316 प्रतीची घ्यावी. ती महाग असते, पण खाऱ्या हवेत 304 वर येणारे तांबूस डाग तिच्यावर फारच कमी येतात.

आता आपल्या बंद घराचा प्रश्न. आपण शिमग्याला येताच, पालखी घरी यायची म्हणून घर झाडले-सारवले जातेच. त्यातलीच एक सकाळ या कामाला द्यावी. परत निघताना पूर्व आणि पश्चिम अशा समोरासमोरच्या भिंतींतील जाळीचे झरोके उघडे राहू द्यावेत, म्हणजे दुपारचा खारा वारा आणि रात्रीचा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा या दोघांचाही घराला उपयोग होईल. आतल्या खोल्यांची दारे उघडी ठेवून त्यांना अडसर लावावेत, कपाटे किलकिली ठेवावीत, गाद्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा. पश्चिमेच्या झरोक्यांना झडीपासून आडोसा हवाच असेल, तर ते बुजवण्याऐवजी बाहेरून उतरती पट्टी किंवा छोटी पडवी काढून घ्यावी. आपल्या गावातला सुतार ती एका दिवसात करून देईल, फक्त त्याला मे महिन्यात बोलावू नका.