परदेशातून : एका पानाला आठ सेकंद

2020चं निसर्ग वादळ, 2021चा चिपळूणचा महापूर. दोन्ही वेळी वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. तेव्हापासून लोरा रेडिओच्या (कमी विजेत लांबवर थोडा मजकूर नेणाऱ्या) मेशवर, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे ढकलणाऱ्या नोडांच्या जाळ्यावर, गावाची छोटी मजकुरी साइट चालवायची कल्पना निघाली की कोकणात वाद अडतो तो एकाच प्रश्नावर: सरकार परवानगी देईल का, युरोपसारखी मोकळीक आपल्याकडे कुठे?

मोकळीक? इथे जर्मनीत 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये 25 मिलिवॅट आणि तासाला एक टक्का, म्हणजे 36 सेकंद बोलायची मुभा. 869.4च्या चिंचोळ्या पट्टीत अर्धा वॅट आणि दहा टक्के मिळतात, पण तिथे गर्दी. भारतात त्याच 865-868 मध्ये विनापरवाना 1 वॅट चालतो. अट एवढीच की कॅरिअरची, म्हणजे रेडिओ लहरीने व्यापलेल्या पट्ट्याची, रुंदी 200 किलोहर्ट्झच्या आत हवी. मेशटास्टिक या लोरा मेशच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरची नेहमीची ‘लाँगफास्ट’ मांडणी 250 घेते, म्हणून ती जशीच्या तशी लावू नये. बोर्ड बाहेरून मागवलात तर ईटीए, म्हणजे उपकरणाला सरकारी मंजुरी, लागेल, ते वेगळं.

साइटसाठी रेटिक्युलम (जाळं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर पानं दाखवणारं नोमॅडनेट बरं. रास्पबेरी पाय झिरो 2 हा चिमुकला संगणक, त्याला यूएसबीने जोडलेला, आरनोड हे फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) घातलेला लोरा बोर्ड. 867.2 मेगाहर्ट्झ, रुंदी 125 किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर (वेग आणि पल्ला ठरवणारा आकडा) 8, कोडिंग (चुका दुरुस्त करायची जादा भर) 5. सगळ्या बोर्डांवर हे आकडे तंतोतंत सारखे, नाहीतर शेजारचा बोर्डही ऐकू येणार नाही. कॉन्फिगमध्ये नोड चालू करायचा आणि पेजेस फोल्डरात इंडेक्स पान ठेवायचं. ट्रान्सपोर्ट, म्हणजे इतरांचे निरोप पुढे पाठवायचं काम, मात्र डोंगरावरच्या नोडलाच. अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका, बोर्ड जळू शकतो.

या मांडणीत वेग सेकंदाला सुमारे 3.1 किलोबिट. 3,000 बाइटांच्या पानाला आठ सेकंद, वर हेडरचा खर्च. आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं: ‘पाणी’ बारा बाइटांचं! म्हणजे त्या पानात जेमतेम दीडशे-पावणेदोनशे शब्द. दिलासा इतकाच की तिन्हींतला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक. त्यामुळे रेटिक्युलम मोठं पान पाठवण्याआधी दाबतं (कॉम्प्रेस करतं) तेव्हा मराठी चांगली आटते. टर्मिनलवर मात्र वेलांट्या-जोडाक्षरांनी ओळी फाटतात. वाचायला मेशचॅट हे रेटिक्युलमचं खिडक्यांचं अॅप द्या.

कोकणात खरा घात पावसाचा. नोडचा खर्च सरासरी दीड वॅट धरला तर दिवसाला 36 वॅट-तास, तीन काळवंडलेल्या दिवसांना 108. बारा व्होल्टची 12 अँपिअर-तासाची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी पुरते. पण अँटेनाच्या जोडात पाणी शिरलं की बॅटरी भरलेली असूनही नोड बहिरा. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, केबलला खाली झोळ द्या. मे महिन्यात डोंगरावर चढून ती टेप बदलणार कोण, यावर गावात अजून बैठक झालेली नाही.