धुराआधी लीद उचला
‘संध्याकाळी तबेल्याची दारं लावून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा’ हा कडुलिंबाने माश्या पळवण्यावरच्या लेखातला सल्ला घोड्यांच्या बाबतीत अजिबात पाळू नका. घोड्याची छाती धूर-धुळीला फार नाजूक, कोंडलेल्या धुरात बिचारा खोकून बेजार होतो. आम्ही कडुलिंबाचं तेल पाण्यात पातळ करून, किंचित साबण घालून, फडक्याने पायांना पुसतो. डोळे आणि जखमा टाळून. वास उडाला की माश्या पुन्हा हजर, हेही लिहायला हवं होतं.

आणि लिदीबद्दल लेखात अवाक्षर नाही! घोडा सारखा पाय आपटतोय म्हणजे चावणाऱ्या माश्या. त्यांची पैदास लीद-मुताने भिजलेल्या गवतात. साधी घरमाशीसुद्धा उबदार हवेत अंड्यापासून ७ ते १० दिवसांत उडायला लागते. लीद रोज उचला, ओलं गवत काढून टाका, मग खुशाल फवारे मारा.