टूथपेस्टचा उजेड

माझ्या गाडीच्या हेडलाइटला ‘मोतीबिंदू झालाय’ हा विनोद आजवर निदान सतरा जणांनी मला ऐकवला असून, तो आपल्यालाच प्रथम सुचला असे त्या प्रत्येकाला वाटत आले आहे. गेल्या शनिवारी रात्री पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना उजवा दिवा पुरताच गेला. डावीकडचा एकच दिवा चालू असला, की समोरच्याला ती कडेने येणारी मोटारसायकल वाटते आणि गाडीची उरलेली रुंदी तो आपलीच समजतो, हे ज्ञान एका टेम्पोने माझ्या आरशाला घासून जाऊन मला दिले.

घाटाखाली चहाच्या टपरीपाशी थांबलो, तर बाकावरचे एक निवृत्त एसटी चालक बशी खाली ठेवून थेट गाडीसमोर येऊन उभे राहिले.

“उतरू नका. अप्पर मारा. आता डिपर. परत अप्पर.”

टपरीच्या पत्र्यावर हळदीच्या पाण्यासारखा जो उजेड पडला, तो त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ न्याहाळला.

“काच मेलीय, पाव्हणं. मोतीबिंदू.” (अठरावे.)

काच पिवळी आहे हे खरे, परंतु उजवा बल्ब मुळात लागतच नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. “आधी काच,” ते म्हणाले, “तेहतीस वर्षं यष्टी चालवलीय,” आणि टपरीवरच्या पोराला माझ्या पैशांनी टूथपेस्ट आणायला पिटाळले. “पांढरी आण रं, जेलची नको!”

त्यानंतर वीस मिनिटे त्यांनी माझ्याच रुमालाने ती काच अशी घासली, की देवघरातल्या समईलाही हेवा वाटावा. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, की ही काच नव्हेच, हे पॉलिकार्बोनेट आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यावरचा संरक्षक थर झिजला की ते पिवळे पडते आणि पेस्टने घासल्यास उरलासुरला थरही जाऊन काही महिन्यांत पुन्हा तीच गत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि रुमाल माझ्यापुढे धरला. “मग तुम्ही घासता का?”

उजवी काच खरोखरच आरशासारखी झाली. डावीची पाळी आली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले, शेवटची एसटी गाठायची असल्याचे जाहीर केले आणि उरलेल्या पेस्टची नळी पिशवीत टाकून ते चालू लागले. जो दिवा पेटतो तो पिवळा आणि जो लखलखतो तो मेलेला, अशी गाडी घेऊन मी एका ट्रकच्या मागे मागे पुणे गाठले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने उजवा होल्डर काढून दाखवला. तो वितळून काळ्या गुळाच्या खड्यासारखा झाला होता. मागे कुणीतरी ‘उजेड वाढेल’ म्हणून ६०/५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब बसवला होता. माझ्या गाडीत रिले, म्हणजे दिव्यांना बॅटरीतून थेट करंट पोचवणारा वेगळा स्विच, नाही. सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून जातो, त्यात अर्थिंगला गंज. वाटेत दहा टक्के व्होल्टेज गळाले तरी उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, म्हणजे होल्डर जळेपर्यंत तापायचे आणि रस्ता मात्र दिसायचा नाही. यावर गॅरेजवाल्याचा सल्ला असा, की पूर्ण असेंब्लीच बदला, तीही जोडीने. मी फक्त होल्डर मागितला, तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी चपलेचा एकच अंगठा शिवायला आणला आहे. होल्डर मंगळवारी मिळेल म्हणाला.

आणि ज्यांच्या बाजारातून आणलेल्या पांढऱ्याफेक एलईडीने घाटात माझे डोळे दिपतात, जे समोरून गाडी आली तरी डिपर देणे कमीपणाचे मानतात, त्यांच्या दिव्यांना कुणी रोगांची नावे देत नाही. उपदेश मिळतो तो मलाच, कारण माझी गाडी २००६ सालची आहे आणि मी थांबून ऐकून घेतो.

आज सकाळी खालच्या मजल्यावरचे काका गाडीपाशी उभे राहून कौतुकाने म्हणाले, “उजवा नवा टाकलात वाटतं! डावा कधी टाकताय?”

पुढच्या महिन्यात, असे मी सांगितले.