मैदानी स्पर्धा भरवायच्यात? लई सोपं आहे की ओ!

यंदा तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धा तुमच्या प्रशालेच्या गळ्यात पडल्यात म्हणे. अभिनंदन! तोंड कशाला पाडता? मागच्या मंगळवारी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असल्या स्पर्धा मी सकाळी साडेसातपासून दुपारी सव्वातीनपर्यंत उभ्याउभ्या बघितल्या. गावाचं नाव विचारू नका, तुम्हाला तुमचंच वाटेल. पोरगी नववीत आहे, आठशे मीटर पळते, म्हणून गेलो होतो. एरवी दुकान बंद ठेवून जावं असं तिथं काही नसतं. तर तिथं जे शिकलो ते तुम्हाला फुकट सांगतो.

पहिलं मैदान. ते आधी जाऊन बघायचं नाही. बघितलं की काळजी लागते. तसंही वर्षभर ते आपलं असतंच कुठं? श्रावणात दहीहंडी, गणपतीत लेझमाचा सराव, दिवाळीनंतर कुणाच्या ना कुणाच्या लेकीचं लग्न, निवडणूक लागली की सभा. प्रत्येक मांडववाला जाताना खुंट घेऊन जातो आणि खड्डे ठेवून जातो. आपली माती काळी. पाऊस पडला की पायाला शेर-शेर चिकटते, ऊन पडलं की अंगठा जाईल एवढ्या भेगा. मधे कधीतरी मुरूम टाकायचा ठराव झालेला असतो, मुरमाऐवजी दगडगोटे आलेले असतात. कडेनं वेडी बाभळ, मधे सराटे. ह्यावर पोरं अनवाणी पळणार, कारण स्पाइक्स म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट घेतलेलं पोरगं तालुक्यात एखादंच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण पाहिजे असं लिहिलंय. आहे की! त्यात सराटे नकोत असं कुठं लिहिलंय?

मग आखणी. रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीची दोन पोती मागवायची म्हणजे दीड येतात. त्यातलं एक व्यासपीठापुढं ‘सुस्वागतम्’ लिहायला जातं, उरलेल्या अर्ध्यात ट्रॅक. चारशेचा बसत नाही, म्हणून दोनशेचा. आता लेन 1.22 मीटरची असली तर एका राऊंडला दुसऱ्या लेनवाल्याला 7.04 मीटर पुढं उभं करायचं असतं आणि तिथून पुढं प्रत्येक लेनला आणखी 7.67. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या कुठल्याही सरांना झोपेतून उठवून विचारा, पाठ असतं. पण टेप सापडत नाही ना! मग पावलांनी मोजा. नाहीतर सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करा. सहाव्या लेनमधलं पोरगं जवळपास 37.7 मीटर जास्त पळेल. पळू दे की, अंगाला लागतं.

पाण्याचा टँकर सांगून ठेवा. सांगितला की आपलं काम संपलं, यायचं काम टँकरचं.

मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे ठेवा आणि शिपायाला नारळ आणायला पाठवा.

पीटीच्या सरांना मोकळं सोडू नका. मतदार याद्या, पोषण आहाराचा तांदूळ, सरकारला भरून द्यायची शाळेची यू-डायसची माहिती, एवढं करून जीव उरला तर इतिहासाचा तास. सरच नसतील तर उत्तम. ते पद पटसंख्येच्या हिशेबात कधी बसतं, कधी उडतं, आपण त्यात डोकं घालू नये. सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असली तर अर्धवेळ का होईना, शारीरिक शिक्षणाचा निदेशक द्या असं तोच कायदा म्हणतो. म्हणू द्या. पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा. गणित तरी येतं का मग, ते पुढं कळेलच. आमच्या पोरीला पळायला शिकवणारे सर खरं तर मराठीचे. पहाटे साडेपाचला मोबाईलवर स्टॉपवॉच लावून डांबरी रस्त्याच्या कडेला उभे असतात. त्याचे त्यांना पैसे नाहीत, कुठं नोंद नाही, वर ‘सर, तुमचा निकाल कमी लागला’ हे ऐकायचं. असला माणूस मागून मिळत नाही, तेव्हा नियोजनात त्याला धरू नका.

मुलींना गावापासून शाळेपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. मैदानापर्यंत नाही. पळत या म्हणावं, तेवढाच सराव.

आणि केळी मागू नका. आपल्या करमाळ्याकडची केळी कंटेनर भरभरून आखातात जातात, तो निर्यातीचा माल आहे. सकाळी सहाला घर सोडलेल्या पोरांसाठी गेटवर वडापावची गाडी आहे, ज्याच्या खिशात वीस रुपये असतील तो खाईल.

हे झालं किरकोळ. आता मुख्य विषय, पाहुणे. स्पर्धा पोरांसाठी असतात हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. पत्रिकेवर सकाळी आठ छापायचं, पाहुण्यांना साडेनऊ सांगायचं, ते पावणेबाराला येतात. तोवर पोरं संचलनाच्या रांगेत उभी. बसू द्यायचं नाही, कपडे मळतात. ऑक्टोबरातलं आपलं ऊन कसं असतं ते तुम्हाला काय सांगू? दोन पोरी चक्कर येऊन पडल्या, तर माइकवरून सूचना आली की खेळाडूंनी घरून नाश्ता करून यावे. सावली नव्हती असं नाही. मांडव होता की, व्यासपीठावर. त्यात दोन कूलर. खुर्च्या एकोणीस. मी मोजल्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचा क्रम तुम्हाला पाठ असेल. दीपप्रज्वलन (वाऱ्यानं तीनदा विझलं), स्वागतगीत, प्रास्ताविक, मग शाल, श्रीफळ, बुके, फेटा. प्रत्येकाला. भाषणात खाशाबा जाधव आलेच पाहिजेत. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत त्यांना ब्राँझ मिळालं होतं, आमच्या पाहुण्यांनी सुवर्ण देऊन टाकलं. मोठ्या मनाचा माणूस. मग बीडचा धावपटू अविनाश साबळे. ‘आपल्याही मातीतून साबळे घडले पाहिजेत!’ टाळ्या. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेला जायचा हे खरं. पण शर्यतीत तो उतरला सैन्यात गेल्यावर, 2015 ला. तिथं त्याची शर्यत कुणी सत्कारासाठी खोळंबून ठेवली नसावी.

एक वाजून वीस मिनिटांनी सतरा वर्षांखालील मुलींची 800 मीटर पुकारली. खरं तर आधी शंभर मीटर होती, पण पाहुण्यांना झेंडा दाखवायचा होता, आणि शंभर मीटर लगेच संपते, फोटो नीट येत नाही.

दोनशेचा ट्रॅक म्हणजे चार राऊंड. अकरा पोरी. आमची पहिले दोन राऊंड पाचवी-सहावी, दम राखून. तिसऱ्या राऊंडला तिसरी. शेवटचा राऊंड सुरू झाला की घंटा वाजवायची असते. घंटा होती, शाळेचीच पितळी, लिंबाच्या फांदीला सुतळीनं टांगलेली. पण ती वाजवणारा शिपाई नारळाला गेला होता. दुसऱ्यांदा. आणि राऊंड मोजणारे सर? तिसरा राऊंड चालू असताना माइकवर पुकारा झाला, ‘सरांना विनंती, त्यांनी त्वरित व्यासपीठावर यावे, आपला सत्कार राहिलेला आहे.’ सरांनी हातातली पाटी खुर्चीवर उलटी ठेवली आणि निघाले. फेटा बांधून घ्यायला वेळ लागतो बघा.

पोरीनं मनात मोजलं होतं. ती मोजतेच, मराठीच्या सरांची शिकवण. चौथ्या राऊंडला तिनं पाय काढले ते असे की माझ्या शेजारचा वडापाववाला गाडी सोडून पुढं आला. वळणावर एकीला टाकलं, सरळ पट्टीत दुसरीला, रेषेवरून पहिली गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

तेव्हा घंटा वाजली.

कुणी वाजवली ते अजून कळलं नाही. घंटा रिकामी दिसली म्हणून वाजवली असेल. लगेच दहा तोंडं ओरडली, ‘अगं थांबली काय, पळ पळ, शेवटचा राऊंड!’ मी दोरीबाहेरून बोंबलतोय, ‘झाले चार! झाले की चार!’ माझं कोण ऐकतंय, मी बाप. मागच्या पोरी थांबल्याच नव्हत्या, त्या पुढं निघून गेल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ओरडणाऱ्यांतल्या सफारीतल्या साहेबांकडं बघितलं, आणि पळाली. टाचेत सराटा, तोंडाला फेस. पाचवा राऊंड. तिसरी आली. जिल्ह्याला पहिल्या दोघी जातात.

1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं, ते देशाला अजून सलतं. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर प्राथमिक फेरी पार करून वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारताची बाई पोचायला 2016 उजाडलं, आणि ती होती आपल्या शेजारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर. मधली बत्तीस वर्षं पोरी कुठं गेल्या होत्या म्हणून चर्चा झडतात. पाचव्या राऊंडला गेल्या होत्या, साहेब.

हरकत घ्यायला कुणी आलंच तर घाबरायचं नाही. म्हणायचं, लेखी द्या. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं द्या. शुल्क भरा. अर्ध्या तासात द्या, आणि हे अर्धा तास संपल्यावर सांगायचं. मला विचारलं, ‘चारच राऊंड झाले ह्याला पुरावा काय?’ मी वडापाववाल्याला पुढं केलं. तो अधिकृत पंच नाही म्हणाले. मग आवाज मऊ करून, ‘अहो, सगळ्याच पोरी एक राऊंड जादा पळाल्या, तुमच्या एकटीवर अन्याय झाला का? पालकांत पण खिलाडूवृत्ती पाहिजे ओ.’ म्हणजे शर्यत झाली हजार मीटरची आणि निकालपत्रात लिहिलं आठशे. वेळेच्या रकान्यात काय लिहिलं? काही नाही. स्टॉपवॉच ज्यांच्याकडे होतं ते पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले होते.

फोटो संध्याकाळी ग्रुपवर आला. पुढं साहेब, साहेबांचे चिरंजीव, संस्थेचे दोघं. पहिल्या आलेल्या पोरीचा एक कान आणि अर्धी वेणी.

‘खेळाचा महाकुंभ उत्साहात संपन्न.’

उत्साहात! अरे, चार मोजायचं होतं. चार! ह्याला क्रीडा संकुल लागत नाही, सिंथेटिक ट्रॅक लागत नाही, मुंबईहून निधी लागत नाही. हातात चार खडे धरायचे, एक राऊंड झाला की एक टाकायचा. शेरडं राखणारं पोरगं हे करतं, आणि तुम्ही बी.ए. बी.एड., वीस वर्षं नोकरी झालेली माणसं, फेटा बांधून घ्यायला गेलात. पोरी पळत असताना! एक जण तरी म्हणाला का की थांबा, शर्यत चालू आहे? पाहुणा आला नाही तर कुणाचं काय अडतं? सहाला सुरू करा, ऊन चढायच्या आत दहाला संपवा, मग घाला दिवसभर शाली एकमेकांच्या अंगावर, कोण बघायला येतंय. पंधरा जानेवारीला राज्य क्रीडा दिन म्हणून खाशाबांच्या फोटोला हार घालाल, फोटो टाकाल. त्या माणसाला ऑलिंपिकला जायला गावोगाव पैसे गोळा करावे लागले होते. तुमच्या त्या दिवशीच्या फेट्यांच्या पैशात तालुक्यातल्या अकराही पोरींना बूट आले असते. लाज वाटत नाही?

आणि माझ्या शेजारी उभे होते ते पालक. तुम्ही पण मोजलं होतं, मी बघितलंय, बोटं दुमडत होती तुमची. ‘जाऊ द्या ओ, एवढं काय मनावर घेता, पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी दहावी. दहावीला पोरीला पळू देणार का तुम्ही? तुमच्यातल्या दोघांनी तरी माझ्याबरोबर टेबलापर्यंत यायचं होतं.

रात्री तिच्या आईनं सेफ्टी पिननं टाचेतला सराटा काढला. पोरगी रडली नाही. एवढंच विचारलं, ‘पप्पा, मी थांबायला नको होतं का?’ ह्याचं उत्तर मला येत नाही. त्या सफारीवाल्यांनी येऊन द्यावं, चहा करतो.

दहावी असली तरी ती पळणार आहे. आणि मी येणार आहे. त्या लिंबाखाली, घंटेजवळ, खुर्ची टाकून बसणार आहे. खुर्ची घरूनच आणतो. तुमच्या सगळ्या व्यासपीठावर असतात.