‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’: खुलासा

‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, शोध संपला; आता बँकेचे पासवर्ड धोक्यात’ असा मेसेज फिरतोय (मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग न जाणारी, १ हून मोठी संख्या). यातलं खरं एवढंच: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये सिद्ध झालं. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पण ती सर्वांत मोठी फक्त *माहीत असलेल्यांमध्ये*. मूळ संख्या अनंत असतात, हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. शोध संपणार कसा? तिच्याहून लहानही कितीतरी अजून सापडायच्या आहेत. पासवर्डची भीती तर निव्वळ फोडणी. पासवर्ड पाठवताना तो सांकेतिक रूपात लपवायला मूळ संख्या वापरतात खऱ्या, पण त्या कामाला काही शे अंकांच्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर! खरी गंमत मेसेजमध्ये नाहीच: द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ही संख्या लिहिली तर एकही शून्य येत नाही, नुसते १,१,१…