‘पाच वर्षांपेक्षा जुना कॉम्प्युटर टाकून द्या’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

साताऱ्यातल्या सोसायट्यांच्या आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय की कॉम्प्युटर पाच वर्षांपेक्षा जुना झाला की नवं सॉफ्टवेअर बसत नाही. प्रिंटर अडला तर फॉरमॅट मारा. ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सापडत नसेल तर ‘ड्रायव्हर अपडेटर’ टाका, अँटिव्हायरस आड आला तर तो बंद करा. एवढं करूनही चाललं नाही तर दोन्ही विकून नवं घ्या. हा सल्ला ऐकून लोक धडधाकट मशीन मोडीत घालतात आणि फॉरमॅटच्या भरात घरचे फोटो, दाखले, खरेदीखताचे स्कॅन गमावून बसतात. म्हणून एकेक दावा तपासू.

‘जुन्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर बसत नाही.’ अडचण वयाची क्वचितच असते. विंडोज ३२ बिट किंवा ६४ बिट अशा दोन प्रकारचं असतं. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाऊट उघडून ‘सिस्टिम टाइप’ पाहा. तिथे ३२ बिट असेल आणि तुम्ही ६४ बिटचा सेटअप उतरवला असेल, तर ‘हे ॲप या पीसीवर चालणार नाही’ असाच निरोप येणार. सेटअप जिथून उतरवला त्याच पानावरून ३२ बिटचा घ्या. उलट बाजूने नियम थोडा वेगळा आहे. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचं सॉफ्टवेअर चालतं, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. जुन्या प्रिंटरची सीडी घालून लोक तासभर झगडतात ते यामुळेच. सीडी बाजूला ठेवा आणि कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर शोधा.

‘व्हीसीरनटाइम १४० डीएलएल सापडत नाही’ असं आलं तर ती एकटी फाइल कुठल्याशा साइटवरून उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (ही फाइल ज्यात येते तो संच) घ्या. ६४ बिट विंडोजवर त्याचे एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) हे दोन्ही सेटअप चालवा, कारण ३२ बिटची सॉफ्टवेअर पहिलाच वापरतात.

तिसरं कारण सहसा कुणी तपासत नाही, ते म्हणजे तारीख. लाईट गेली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. मग साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेशी जुळत नाहीत, साइट उघडत नाहीत आणि इन्स्टॉलर मध्येच थांबतात. सेलचं नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढून ठेवा, जुना सेल काढा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवा आणि तारीख लावा.

‘प्रिंट अडकली तर फॉरमॅट हाच उपाय.’ सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. प्रिंट चालू असताना लाईट गेली की अर्धवट फाइल रांगेत राहते. पुढच्या सगळ्या प्रिंट तिच्यामागे तुंबतात आणि ‘कॅन्सल’ दाबूनही ती हलत नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, उघडलेल्या ‘रन’ खिडकीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ (services.msc) टाइप करून उघडा आणि ‘प्रिंट स्पूलर’ला (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. फोल्डर राहू द्या, आतल्या फाइली तेवढ्या पुसा. परत येऊन स्पूलर स्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि डेटाला धक्काही लागत नाही.

तरीही ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर प्रिंटरच्या यादीत नावापुढे ‘कॉपी १’ आहे का बघा. केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये घातली की विंडोज कधीकधी नवा प्रिंटर तयार करतं, आणि डिफॉल्ट मात्र जुनाच राहतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्स टॅबवर यूएसबी००१ आणि यूएसबी००२ यांतला चालू पोर्ट निवडा. केबल मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. मध्ये यूएसबी हब नको.

एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर (तो चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) जपून ठेवत नाही. प्रत्येक वेळी चालू झाला की कॉम्प्युटरवरून ते मागवून घेतो. लाईट येऊन-जाऊन झाल्यावर तो गप्प बसला, तर बंद-चालू करून केबल काढून परत लावा. लेझर प्रिंटर घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर मात्र जोडू नका. फ्यूजर (कागदावर टोनर तापवून पक्का करणारा भाग) तापताना काही शे वॅट खेचतो, मग यूपीएस ट्रिप होतो आणि सोबत कॉम्प्युटरही बंद पडतो.

‘ड्रायव्हर अपडेटर टाका, अँटिव्हायरस बंद करा.’ हे अजिबात करू नका. ती सॉफ्टवेअर बरेचदा चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर आणि सोबत जाहिराती आणतात. ड्रायव्हर बिघडलाच असेल तर आधी प्रिंटर यादीतून काढा, स्पूलर रीस्टार्ट करा. मग रनमध्ये ‘प्रिंटयूआय /एस /टी२’ (printui /s /t2) हा आदेश इंग्रजीत टाइप करा. ड्रायव्हर्सच्या यादीत आपला ड्रायव्हर निवडून ‘ड्रायव्हर आणि पॅकेज’ दोन्ही काढा, मशीन रीस्टार्ट करा. यूएसबी केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडायची. ती आधीच जोडली की विंडोज कधीकधी भलताच ड्रायव्हर लावतं.

‘जुन्या प्रिंटरला मराठी येत नाही.’ दाखला किंवा सातबारा छापताना चौकोन आले तर ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ॲडव्हान्स्ड उघडून ‘प्रिंट ॲज इमेज’वर टिक करा. अक्षरं चित्र म्हणून जातात आणि नीट छापली जातात.

‘कागद अडकतो म्हणजे रोलर गेला.’ महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात उघडं रीम ओल धरतं. कागद वळतो, एकाला एक चिकटतो. तिथे रोलर बदलण्याआधी नव्या रीममधले दहा-पंधरा कागद घालून बघा. उरलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. रोलर पुसायचा झाला तर धागे न सुटणारं कापड पाण्याने किंचित ओलं करून पुसा.

जुन्या मशीनबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे. विंडोज ७ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. पण प्रिंट आणि टायपिंगसाठी ते इंटरनेटशिवाय चालतं, फाइल पेनड्राइव्हने द्यायची. नेट हवंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कवरचं काहीही न पुसता, चालवून पाहता येतं. आपला प्रिंटर तिथे टेस्ट पेज छापतो का ते आधी बघा आणि मगच हार्डडिस्कला हात लावा.